फ्लोचार्ट शिकताय? आकार पाठ करू नका, बोटाने चालवून बघा

पुण्यात बारावीच्या सुट्टीत सी नाहीतर पायथन प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला की पहिल्या एकदोन लेक्चरमध्येच फ्लोचार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्या आकार आणि बाणांनी दाखवणारी आकृती, येतो, मुलं आकार आणि त्यांची नावं वहीत उतरवून घेतात, पाठ पण करतात, पण कोरा कागद देऊन "लीप वर्ष ओळखायचा फ्लोचार्ट काढ" म्हटलं की पेन जागेवरून हलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फ्लोचार्ट काढून झाला म्हणजे काम झालं असं नसतं, त्यात एखादा आकडा घालून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट फिरवलं तरच तो कळतो.

आकारांचं आधी उरकून घेऊ. सुरुवात आणि शेवट लंबगोलात, माहिती घेणं किंवा उत्तर दाखवणं तिरक्या बाजूंच्या चौकोनात, हिशोब साध्या आयतात, प्रश्न डायमंडमध्ये, आणि हे सगळं जोडायला बाण. बस, सुरुवातीला एवढं पुरतं. पानाच्या खालपर्यंत पोचून जागा संपली तर छोट्या गोलात ‘अ’ लिहायचं आणि त्याच पानावर दुसरीकडे तसाच गोल काढून तिथून पुढे जायचं.

आता पहिली पायरी, आणि ही कोणी करतच नाही: पेन्सिल उचलायच्या आधी काम तोंडाने बोलून बघा. समजा तुम्ही वनाझला मेट्रोत बसताय. जायचं स्टेशन कोणतं ते विचारलं, मग ते वनाझ-रामवाडी लाइनवरच आहे का ते बघितलं, असेल तर सरळ तिथं उतरायचं, नसेल तर जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरून दुसरी लाइन पकडायची, स्वारगेटला जायचं असेल तर असंच करावं लागतं. यात "कुठं जायचंय?" हा प्रश्न आहे खरा, पण तो डायमंडमध्ये जात नाही कारण त्याची उत्तरं ढीगभर आहेत, ते इनपुट झालं, म्हणजे बाहेरून घ्यायची माहिती. "याच लाइनवर आहे का?" याचं उत्तर फक्त हो किंवा नाही, म्हणून तो डायमंड. हा फरक एकदा डोक्यात बसला ना की अर्धा फ्लोचार्ट आलाच.

डायमंडमधून बाहेर पडणाऱ्या दोन्ही बाणांवर हो आणि नाही लिहाच, आणि दोन्ही बाण कुठेतरी पोचतायत का ते बघा. हवेत लटकलेला बाण म्हणजे तिथं प्रोग्रॅमला पुढे काय करायचं तेच माहीत नाही.

आता लीप वर्ष घेऊ, कारण यात डायमंडचा क्रम किती महत्त्वाचा आहे ते नीट दिसतं. वर्ष इनपुट घ्या. पहिला डायमंड, ४०० ने पूर्ण भाग जातो का? हो, तर लीप. नाही, तर दुसरा, १०० ने जातो का? हो, तर लीप नाही. नाही, तर तिसरा, ४ ने जातो का? हो तर लीप, नाही तर नाही. म्हणजे शेवटाला पोचायच्या वाटा झाल्या चार, मग तपासायला वर्षंही चार घ्या, प्रत्येक वाटेला एक. २००० पहिल्याच डायमंडला लीप म्हणून बाहेर पडतं, १९०० दुसऱ्याला अडकतं आणि लीप ठरत नाही, २०२४ तिसऱ्यापर्यंत जाऊन लीप ठरतं, २०२३ तिथंच नापास. आता हाच चार्ट ४ चा डायमंड सगळ्यात वर ठेवून आणि ‘हो’चा बाण सरळ लीपकडे नेऊन काढा आणि १९०० घाला, उत्तर लीप येईल, जे साफ चूक आहे. नुसतं २०२४ घालून बघितलं असतं तर ही चूक कधीच सापडली नसती! म्हणून वाटा मोजा आणि तेवढे आकडे घाला, याला क्लासमध्ये ड्राय रन म्हणतात आणि सर घाईत असले तर नेमका हाच भाग राहून जातो.

लूपला घाबरू नका, लूप म्हणजे वरच्या डायमंडकडे परत गेलेला बाण. १ ते ५ ची बेरीज करायचीय, तर मोजणीच्या आकड्याला आय नाव द्या, आय मध्ये १ आणि बेरजेत ० ठेवा, डायमंडमध्ये विचारा आय ५ पेक्षा जास्त झाला का, नसेल तर बेरजेत आय मिळवा, आय एकने वाढवा आणि बाण परत डायमंडला न्या. शेजारी दोन रकाने आखून प्रत्येक फेरीला आकडे लिहीत जा, बेरीज १, ३, ६, १०, १५ अशी वाढेल आणि आय ६ झाला की ‘हो’च्या बाणाने बाहेर पडून उत्तर दाखवायचं. आय वाढवायचा आयत विसरलात तर आय १ वरच राहतो आणि तुमचं बोट गोल गोल फिरतच राहतं.

फ्लोचार्टची पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे, १९२१ मध्ये कामाच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या गिलब्रेथ दांपत्याने कामाच्या पायऱ्या अशा चार्टवर मांडून दाखवल्या आणि १९४० च्या दशकात गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमसाठी अशा आकृत्या वापरल्या.

आकार नीट यावेत म्हणून प्लास्टिकची स्टेन्सिल हवी असेल तर अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारा, पण सरावाला पेन्सिल आणि कोरा कागदच बरा कारण खोडाखोड भरपूर होते. सबमिशनला स्वच्छ प्रत हवी असेल तर वर्डमध्ये इन्सर्टमधल्या शेप्समध्ये फ्लोचार्टचे आकार आहेतच, आकृत्या काढायची ड्रॉ डॉट आयओ ही वेबसाइट पण फुकट आहे, फक्त कागदावर ड्राय रन झाल्याशिवाय ते उघडू नका. पुढचा सराव म्हणून तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा चार्ट काढा, आणि तिन्ही आकडे सारखे असले तर तुमचा बाण कुठं जातो ते नक्की बघा.