पोर्तुगालला जाण्याआधी कामापुरतं पोर्तुगीज कसं शिकावं

लेक पोर्तुगालमधल्या पोर्तूला (नकाशावरचं पोर्टो) राहायला गेली तेव्हापासून माझ्या तिकडे सात फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी ‘प्रवाशांसाठी दोनशे पोर्तुगीज वाक्यं’ अशी यादी पाठ करून गेले होते. त्यातली दहासुद्धा कामी आली नाहीत. मी बोललेलं लोकांना कळेना आणि ते बोललेलं मला कळेना. आता कुणी जायला निघालं की मी पहिलं सांगते, ती यादी फेकून द्या. पंचवीस वाक्यं खूप झाली, फक्त ती डोळ्यांनी नाही, कानांनी शिकायची.

सगळ्यात आधी देश ठरवा. मोबाइलवरची अ‍ॅप्स आणि यूट्यूबवरचे बहुतेक धडे ब्राझीलचे असतात आणि ते तसं ठळकपणे सांगत नाहीत. ब्राझीलचं बोलणं पोर्तुगालमध्ये समजतं, पण त्यावर कान तयार झाला असेल तर लिस्बनचं उत्तर तुम्हाला समजणार नाही. ‘शुभ रात्री’ ब्राझीलमध्ये बोआ नोइची, पोर्तुगालमध्ये बोअ नोय्त्. रोजचे शब्दही वेगळे. पोर्तुगालमध्ये बस म्हणजे औतुकार्रु, रेल्वे म्हणजे कोंबॉयु, स्वच्छतागृह म्हणजे काज़ द् बन्यु आणि नाश्ता म्हणजे प्केनु आल्मोसु. ब्राझीलमध्ये या चारही गोष्टींना दुसरेच शब्द आहेत. म्हणून शोधताना ‘युरोपीय पोर्तुगीज’ असंच शोधा.

आता पहिली वाक्यं. सकाळी बों दीअ, दुपारी जेवणानंतर बोअ तार्द्, अंधार पडल्यावर बोअ नोय्त्. दुकानात पाय ठेवताच यातलं योग्य ते म्हणायचंच, न बोलता वस्तू चाळायला लागणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. आभार मानताना बाईने ओब्रिगाद म्हणायचं, पुरुषाने ओब्रिगादु. समोर कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, बोलणारा कोण हे महत्त्वाचं. कुणाला हाक मारायची असेल तर स् फाश् फवोर्, गर्दीतून वाट काढताना कों लिसेंस, धक्का लागला तर द्श्कुल्प्. कुठे आहे? ओंद् फीक? किती झाले? क्वंतु ॲ? बिल हवं असेल तर अ कोंत. ही एका संध्याकाळी पाठ होतात.

खरी अडचण उच्चारांची आहे, तिथे सावकाश जाऊ.

पोर्तूतल्या एका बेकरीत पहिल्याच सकाळी मी पाव मागितला. हा शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आलाय, तो तरी समजेल अशी माझी खात्री होती. काउंटरवरची बाई गोंधळली, मागचे दोघे हसले. लेकीने बाहेर आल्यावर समजावलं. त्यांचा ब्रेड नाकातून म्हणायचा असतो. नाक वगळून नुसतं ‘पाव’ म्हटलं की त्याचा अर्थ होतो काठी, दांडका, आणि बोलीत त्याला एक अश्लील अर्थही आहे. शब्द समुद्र ओलांडून इकडे आला तेव्हा नाकातला सूर तिकडेच राहिला. ‘लिलाव’चंही तसंच, त्यांचा लय्लँव् आपल्याकडे साधा ‘आव’ होऊन आला.

हा ‘अँव्’ पोर्तुगीजमध्ये पावलोपावली भेटतो. नाही म्हणायला नँव्, स्टेशनला श्तसँव्, कार्डाला कर्तँव्, हाताला मँव्, संताला सँव्. पुस्तकं सांगतात, ‘आउ म्हणा आणि नाकातून काढा.’ या सल्ल्याने मी महिनाभर घशाला त्रास दिला. तो सल्ला मराठी माणसासाठी नाहीच, कारण हा आवाज आपण लहानपणापासून काढतोय. ‘संवाद’ हा शब्द मोठ्याने म्हणा. आपण ‘सम्वाद’ म्हणत नाही. ‘सं’वरचा अनुस्वार पुढच्या ‘व’मुळे नाकातला व होतो. आता पुन्हा ‘संवाद’ म्हणायला सुरुवात करा आणि ‘वाद’ उच्चारायच्या आत थांबा. तोंडात जे उरलं तेच सँव्. पोर्तूच्या निळ्या टाइल्सच्या रेल्वे स्टेशनचं नाव सँव् बेंतु आहे, त्यातलं सँव् हेच. ‘हंस’ म्हणून स गिळा, ह च्या जागी प ठेवा, की झाला पँव्. बेकरीत हाच मागायचा.

दुसरा नाकातला आवाज आहे ‘अँय्’. त्यासाठी ‘संयम’ म्हणा आणि ‘यम’च्या आधी थांबा. तो झाला सँय्, म्हणजे ‘शिवाय, वगळून’. याच चालीवर तँय् म्हणजे ‘तुमच्याकडे आहे का?’ आणि बँय् म्हणजे ‘छान, बरं’. लिस्बनमध्ये झेरोनिमुशचा मठ ज्या भागात आहे त्याचं नाव पाट्यांवर बघून आपण ‘बेलेम’ वाचतो. तिथला माणूस म्हणतो ब्लँय्. ट्राममध्ये बेलेम म्हणून विचारलंत तर बहुधा कळेल, पण चालक ब्लँय् म्हणाला तर तुम्हाला कळणार नाही आणि तुम्ही पुढच्या थांब्यावर जाल. संवाद आणि संयम हे दोन शब्द रोज वीस वेळा अर्धवट तोडून म्हणा. मला यापेक्षा चांगला व्यायाम सापडलेला नाही, आणि तो कुठल्याही इंग्रजी पुस्तकात असणार नाही.

नाकानंतर गिळणं. पोर्तुगालचे लोक ज्या स्वरावर जोर नाही तो जवळजवळ खाऊन टाकतात. शब्दाच्या शेवटी लिहिलेला ए बहुतेक नाहीसा होतो आणि शेवटचा ओ उ होतो. म्हणून टेलिफोनला ते त्लफॉन् म्हणतात. परक्या माणसाला हे अन्याय्य वाटतं, आपल्याला वाटायचं कारण नाही. ‘करवत’ लिहून आपण ‘कर्वत्’ म्हणतो, ‘कमळ’च्या ळ मधला अ उच्चारत नाही, आणि कुणी सगळे अ पूर्ण म्हणाले तर तो बाहेरचा हे लगेच कळतं. तोच नियम तिकडे लावा. अक्षरं दिसली म्हणून ती सगळी म्हणू नका. शब्दाच्या किंवा अक्षरगटाच्या शेवटचा स तिकडे श होतो, मृदू व्यंजनाआधी झ होतो, म्हणून लिस्बनला तिथले लोक लिझ्बोअ म्हणतात.

त, द आपलेच आहेत, दातांवर जीभ टेकवून म्हणायचे, इंग्रजी ट, ड आणू नका. ‘कल्याण’मधला ल्य आणि ‘न्याय’मधला न्य त्यांच्याकडेही आहेत. ज़ मात्र ‘जहाज’च्या शेवटासारखा. शब्दाच्या सुरुवातीचा र लिस्बनमध्ये घशातून, गुळण्या केल्यासारखा येतो. तो जमला नाही तर आपला खणखणीत र म्हणा. उत्तरेकडचे वयस्कर लोक अजूनही तसाच म्हणतात, त्यावर वेळ घालवू नका.

हे सगळं ऐकून शिकायचं, म्हणून एक अट. कुठलंही वाक्य लिहून घेण्याआधी किमान दहा वेळा ऐका. मी इथे देवनागरीत लिहिलंय ते आठवणीसाठी आहे, शिकण्यासाठी नाही. पोर्तुगालच्या सरकारी रेडिओच्या बातम्या इंटरनेटवर फुकट मिळतात, स्वयंपाक करताना अर्धा तास लावून ठेवा. पहिला आठवडा एकही शब्द सुटा ऐकू येणार नाही. दुसऱ्या आठवड्यात नँव् आणि पोइश् (‘हो ना’) ऐकू यायला लागतील. तिथून पुढे कान उघडतो.

मागायचं कसं, हे सोपं आहे पण चुकतं. याद्यांमध्ये ‘मला हवंय’साठी केरु देतात. ते चुकीचं नाही, पण ऐकायला फर्मावल्यासारखं वाटतं. तिकडे म्हणतात क्रीअ, म्हणजे शब्दशः ‘हवं होतं’. आपण शेजारच्या काकूंना ‘जरा साखर हवी होती’ असंच म्हणतो ना, भूतकाळात टाकून मागणं मऊ करतो? तंतोतंत तेच. क्रीअ उँ कफॅ, एक कॉफी हवी होती. येईल ती छोट्या कपातली कडक एस्प्रेसो. दुधाची मोठ्या ग्लासातली हवी तर गलँव् म्हणा. आणि ‘तुम्ही’साठी धड्यांमधून येणारं वोसे पोर्तुगालमध्ये वापरू नका, अनेकांना ते खटकतं. सर्वनाम गाळायचं. ‘इंग्रजी बोलता का?’साठी नुसतं फाल इंग्लेश्? पुरतं.

सल्ला देणारे आणखी एक गोष्ट विसरतात. तुम्ही बोललात की समोरचा उत्तर देतो, उलट प्रश्न विचारतो. ते प्रश्न मोजके आणि तेच ते असतात, म्हणून ते आधी शिका. माय्ज़ अल्गूम कोय्ज़? म्हणजे ‘आणखी काही?’ पाणी मागितलं की फ्रेश्क ओ नतुराल्?, थंड की साधं. पर ल्वार्? म्हणजे ‘बांधून देऊ?’ आणि जवळजवळ प्रत्येक दुकानात पैसे देताना एक लांबलचक शब्द येतो, कोंत्रिबुईंत्. पहिल्या दोन फेऱ्यांत मला वाटायचं माझं काहीतरी चुकलंय. ते फक्त विचारतात की पावतीवर तुमचा करदाता क्रमांक घालायचा का. नँव्, ओब्रिगाद म्हणा आणि पुढे चला. कार्डाने पैसे द्यायचे असतील तर पॉसु पगार् कों कर्तँव्? आपला ‘पगार’ इथूनच आला, तिकडे तो शब्द पैसे देण्याचा आहे.

समजलं नाही तर मान हलवू नका. नँव् पर्सबी म्हणा, मग माय्झ् द्वगार्, जरा हळू.

आकडे शंभरपर्यंत पाठ करा. साठ आणि सत्तर, ससेंत आणि सतेंत, वेगळे ऐकायचा सराव करा, भाजीबाजारात तिथेच फसायला होतं. वारांची मात्र गंमत समजून घ्या, कारण पाट्यांवर नुसते आकडे असतात. रविवार दुमींगु हा पहिला धरतात, म्हणून सोमवार ‘दुसरा’, स्गुंद फय्र, मंगळवार तिसरा, असं शुक्रवारपर्यंत सहावा. शनिवार साबदु. दारावर २ ते ६ लिहिलं असेल तर ती तारीख किंवा वेळ नव्हे, सोमवार ते शुक्रवार. झेरोनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो, मी तिथे एकदा बंद दारापाशी उभी राहिले आहे.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘सो वझतर्यन’ (पुरुष असाल तर शेवटी नु) म्हणून थांबू नका. नुसतं ‘मांस नको’ म्हणालात तर मासे समोर येऊ शकतात. पूर्ण म्हणा: सँय् कार्न्, सँय् पय्श्, सँय् फ्रंगु. मांस नको, मासे नकोत, कोंबडी नको. अंडं चालत नसेल तर सँय् ओवु. काल्दु वेर्द् हे हिरवं सूप पालेभाजीचं दिसतं, पण त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती असते. ते मागवताना विचाराच. टेबलावर न मागता आलेला ब्रेड, लोणी, ऑलिव्ह फुकट नसतात. खाल्लंत तर बिलात येतात, नको असतील तर हात न लावता नँव् ओब्रिगाद म्हणून परत पाठवा.

लिस्बन, पोर्तूत तुमचा उच्चार अडखळला की समोरची तरुण मंडळी लगेच इंग्रजीवर येतात. ते मदत म्हणून करतात, रागावू नका, पण तुम्ही पोर्तुगीज सोडू नका. त्यांनी इंग्रजीत विचारलं तरी उत्तर पोर्तुगीजमध्येच द्या. दोन-तीन देवाणघेवाणीनंतर बरेच जण परत आपल्या भाषेवर येतात. सरावाला सगळ्यात चांगल्या म्हणजे गल्लीतल्या छोट्या फळांच्या दुकानातल्या आज्या. त्यांना बहुधा इंग्रजी येत नाही आणि घाईही नसते. त्या बोलत राहतात. मध्ये मध्ये पोइश् म्हणा, ‘हो ना, बरोबर’. अर्धं कळलं नाही तरी त्या पुढे बोलतील, आणि कानाला हवं तेवढं ऐकायला मिळेल.