न्यूयॉर्कमधला सर्वांत चांगला चीजकेक कसा शोधाल?

न्यूयॉर्कमध्ये कुणालाही विचारा, चांगला चीजकेक कुठे मिळतो? एक जण ब्रुकलिनला पाठवेल, दुसरा मॅनहॅटनमधल्या सोहो वस्तीजवळच्या एका छोट्याशा दुकानात, आणि तिसरा ठासून सांगेल की खरा चीजकेक रिकोटाचाच. तिघंही बरोबर असतात, कारण तिघं तीन वेगळ्या पदार्थांबद्दल बोलत असतात. श्रीखंड चांगलं की खरवस, असं विचारल्यासारखंच ते. म्हणून आधी प्रकार ठरवायचा, मग दुकान.

पायरी १ : प्रकार ओळखा

न्यूयॉर्कचा म्हणून जो ओळखला जातो तो क्रीम चीजचा, भट्टीत भाजलेला, घट्ट आणि जड. क्रीम चीज म्हणजे ढोबळमानाने सायीच्या दुधाचा, किंचित आंबट, लोण्यासारखा चक्का. अमेरिकी नियमानुसार त्यात किमान ३३ टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी ५५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. नऊ इंची केकला साधारण ९०० ग्रॅम क्रीम चीज, २५० ते ३०० ग्रॅम साखर, चार-पाच अंडी आणि थोडी क्रीम किंवा सावर क्रीम (आंबवलेली साय) पडते. मैदा किंवा कॉर्नफ्लॉर असलं तर चमचा-दोन चमचे. हे चीजही न्यूयॉर्क राज्यातलंच. चेस्टर गावच्या विल्यम लॉरेन्सने ते १८७२ मध्ये बनवायला सुरुवात केली. ‘फिलाडेल्फिया’ हे नाव १८८० मध्ये चिकटलं ते केवळ त्या शहराच्या दूधदुभत्याला मान होता म्हणून.

दुसरा प्रकार इटालियन, रिकोटाचा. रिकोटा चीजच्या निवळीपासून होतं, त्यामुळे हा केक रवाळ आणि कमी गोड असतो, अनेकदा लिंबाच्या किंवा संत्र्याच्या सालीचा वास असलेला. क्रीम चीजची सवय झालेल्या माणसाला तो पहिल्या घासाला ‘कोरडा’ वाटतो. तो दोष नव्हे, जात आहे.

जपानी केक फेसलेल्या पांढऱ्या बलकावर फुगतो आणि स्पंजासारखा हलतो. बास्क केकला खालचा बिस्किटाच्या चुऱ्याचा थर नसतो, वरून तो मुद्दाम करपवलेला असतो आणि मधे ओलसर. हा स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या ‘ला व्हिन्या’ या बारमधून जगभर गेला. दोन्ही न्यूयॉर्कमध्ये मिळतात, पण त्यांची तुलना त्यांच्या त्यांच्यातच करा. न भाजता फ्रिजमध्ये जेलॅटिनवर (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या पदार्थावर) घट्ट केलेला केक मात्र या शोधात धरू नका. त्याला हवं तर पुडिंग म्हणा.

पायरी २ : काउंटरच्या काचेतून पाहा

विकत घेण्याआधी कापलेल्या केकची बाजू बघा. अर्धा निकाल तिथेच लागतो.

खालच्या थरात आणि वरच्या गरात गडद, ओली रेघ दिसली तर बिस्किटाचा चुरा पाणी पिऊन मऊ झालेला आहे. चुरा आधी वेगळा भाजून घेतला नाही किंवा केक जुना झाला, ही त्याची नेहमीची कारणं. पृष्ठभागावर घामाचे थेंब असतील तर केक बहुधा गोठवून वितळवला आहे, किंवा गरम असतानाच झाकला. गोठवणं हा गुन्हा नाही, घाईने वितळवणं हा आहे. बाजू काचेसारखी गुळगुळीत आणि ट्रे हलवल्यावर तुकडा जेलीसारखा थरथरत असेल, तर आत जेलॅटिन आहे.

वर तडा गेलेला केक लगेच नाकारू नका. तडा बहुतेक वेळा कडेला जास्त भाजल्याने किंवा भट्टीतून काढून एकदम गार केल्याने जातो, आणि रिकोटाच्या केकला बारीक तडे असतातच. मात्र तडा खोल असेल आणि आत दाणे दिसत असतील, तर अंडं जास्त शिजलं आहे. अंड्यातली प्रथिनं फार तापली की आकसतात आणि पाणी सोडतात. भुर्जी कढईत जास्त वेळ राहिली की कडेला पाणी सुटतं, तसंच. म्हणून चांगले बेकर साचा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजतात. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कडा सांभाळल्या जातात. केकचा मध्य ६५ अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की तो बाहेर येतो, आणि मग फ्रिजमध्ये रात्रभर मुरतो. ‘आत्ताच भट्टीतून काढला’ ही पावाची जाहिरात झाली. चीजकेक कालचाच हवा.

पायरी ३ : साधाच मागा

स्ट्रॉबेरी, चॉकलेट, कॅरामल यांनी केकचे दोष झाकले जातात. तुलना करायची तर प्रत्येक ठिकाणी साधा, ज्याला तिथे ‘प्लेन’ किंवा ‘ओरिजिनल’ म्हणतात, तोच घ्या. दोघा-तिघांत एक तुकडा. एकट्याने चार दुकानांत चार तुकडे खाल्ले, तर चौथ्याला न्याय मिळणं शक्य नाही. सोबत साधं पाणी किंवा बिनसाखरेची काळी कॉफी.

फ्रिजमधून काढलेला तुकडा पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. थंडगार असताना जिभेला आंबटपणा आणि व्हॅनिला कळतच नाही, नुसता गोडवा कळतो.

पायरी ४ : तीन ठिकाणचा घास

त्रिकोणी तुकड्याचं टोक म्हणजे केकचा मध्य. पहिला घास तिथला. काटा आडवा धरून हळूच दाबा. चांगल्या केकमध्ये तो मऊ लोण्यातून जावा तसा जातो, बाहेर काढल्यावर त्यावर पातळ साय राहते आणि केकवर काट्याच्या दातांच्या रेघा स्पष्ट उमटतात. गर काट्याला डिंकासारखा चिकटून ओढला गेला तर केक कच्चा आहे किंवा पीठ जास्त आहे. भुगा पडला तर जास्त भाजलाय.

दुसरा घास मधला, तोही खालच्या थरासकट. तिसरा अगदी बाहेरच्या कडेचा, जिथे केक सगळ्यात जास्त शिजतो. टोक आणि कड यांच्या पोतात फार फरक नसेल, तर भट्टीवरचा हात तयार आहे. आमच्या मते चीजकेकची खरी परीक्षा ही कडच. टोक कुणाचंही मऊ होतं.

शेवटी गिळल्यावर थांबा. टाळूला तुपकट थर राहिला की आंबट, दुधाळ चव राहिली? दुसरं हवं. प्रत्येक दुकानासाठी कड, आंबटपणा, तळाचा थर आणि ‘आणखी एक घास हवा का’ या चारच गोष्टी फोनवर लिहून ठेवा. तिसऱ्या दुकानानंतर पहिल्याची आठवण खात्रीची राहत नाही.

पायरी ५ : फेरी आखा

न्यू जर्सीतल्या एडिसनला मुला-मुलींकडे आलेल्यांनी एनजे ट्रान्झिटच्या रेल्वेने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन गाठावं, एक मोठा ब्लॉक चालून हेराल्ड स्क्वेअरला जावं आणि ब्रुकलिनकडे जाणारी ‘क्यू’ ही सबवे गाडी धरून डीकॅल्ब अव्हेन्यूला उतरावं. फ्लॅटबुश अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ‘ज्युनिअर्स’ आहे, १९५० मध्ये हॅरी रोझेन यांनी सुरू केलेलं. इथे तळाला बिस्किटाचा चुरा नसून स्पंज केकचा पातळ थर असतो, म्हणून तळाच्या थराचे गुण वेगळ्या मापाने द्या. टाइम्स स्क्वेअरलाही त्यांची शाखा आहे, पण फेरी इथूनच सुरू करा, कारण पुढची वाट सोयीची आहे. टेबलावर बसून खाल्लं तर बिलावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो आणि वर १८-२० टक्के टिप द्यायची रीत आहे. तुकडा बांधून घेतलात तर टिपचा प्रश्न सुटतो.

परतीच्या क्यू गाडीत पुढचंच स्टेशन कॅनल स्ट्रीट. मधे गाडी मॅनहॅटन ब्रिजवरून जाते, तेव्हा खिडकीकडे बसा. तिथून चालत ग्रँड स्ट्रीटवर ‘फेरारा’, १८९२ पासूनची इटालियन बेकरी. आणखी सात-आठ मिनिटांवर क्लीव्हलंड प्लेसला ‘आयलीन्स’. त्यांचा केक हलका असतो, कारण पांढरा बलक वेगळा फेसून मिसळलेला असतो, आणि एका माणसापुरते छोटे केक मिळतात. ज्युनिअर्सच्या घट्ट तुकड्यानंतर लगेच हा खाल्ला की ‘न्यूयॉर्क स्टाइल’ या एकाच नावाखाली किती अंतर आहे ते जिभेला समजतं. आमचं मत विचाराल तर हलक्या हाताचं कसब इथे, आणि पोटभर समाधान ब्रुकलिनमध्ये.

इथून स्प्रिंग स्ट्रीटला सहा नंबरची गाडी वरच्या दिशेने घ्या, दोन स्टेशनांनी अ‍ॅस्टर प्लेस, मग पूर्वेकडे दहा-बारा मिनिटं चालून ईस्ट ११ व्या रस्त्यावर ‘व्हेनिएरोज’. १८९४ पासूनच्या या दुकानात क्रीम चीजचा आणि रिकोटाचा असे दोन्ही केक मिळतात. एकाच बेकरीच्या हातचे दोन प्रकार शेजारी ठेवून खायची संधी क्वचित मिळते, म्हणून इथे दोन तुकडे घ्या. ही फेरी शनिवार-रविवारी दुपारी टाळा, रांगांत वेळ जातो.

ब्राँक्समधलं ‘एस अँड एस’ वेगळ्या दिवशी. एक नंबरच्या गाडीने २३८ व्या रस्त्याला उतरायचं. ती मुळात रेस्टॉरंटांना माल पुरवणारी बेकरी आहे, म्हणून सजावटीची अपेक्षा नको आणि निघण्याआधी वेळ विचारून घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी

वरच्या सगळ्या केकमध्ये अंडं गृहीत धरा. अंडं चालत असेल पण जेलॅटिन नको असेल, तर विचारायचा प्रश्न केकबद्दल नसून वरच्या फळांबद्दल आहे. स्ट्रॉबेरीवरचा चकाकता लेप काही ठिकाणी जेलॅटिनचा असतो. साधा केक मागण्याचं हे आणखी एक कारण. बिनअंड्याचा म्हणून जो मिळतो तो बहुधा न भाजलेला असतो, तिथे मात्र जेलॅटिन आहे की आगर (समुद्री शेवाळापासून होणारं), हे आवर्जून विचारा.

घरी नेताना

फ्रिजबाहेर एकूण दोन तास, ३२ अंशांच्या वर उन्हाळा असेल तर एकच तास, ही मर्यादा पाळा. जर्सीला परत जायचं असेल तर पूर्ण केक सगळ्यात शेवटच्या दुकानातून घ्या. पेटी आडवी ठेवा, मांडीवर. घरी कापताना पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा तेच करा. उरलेले तुकडे एकेक करून प्लास्टिकच्या फिल्ममध्ये आणि वर फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये महिनाभर राहतात. खायच्या आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवा, ओट्यावर नको.