सोलच्या राजवाड्यात हानबोक घालून फोटो कसे काढून घ्यावेत

हानबोकमधल्या फोटोंचं अर्धं काम कॅमेरा हातात येण्याआधीच झालेलं असतं, भाड्याच्या दुकानातल्या आरशासमोर. तिथे घाई केली, तर पुढे कितीही निष्णात छायाचित्रकार मिळाला तरी फोटोत भाड्याचा पोशाख दिसतो, तो ल्यायलेलं माणूस दिसत नाही. म्हणून या लेखात कपड्यावर जास्त लिहिलं आहे आणि कॅमेऱ्यावर कमी.

हानबोक हा कोरियाचा पारंपरिक पोशाख. आज आपण जो पाहतो तो मुख्यतः जोसोन राजवटीच्या काळात, म्हणजे 1392 नंतरच्या पाच शतकांत, घडत गेलेला. 2022 साली कोरियाने हानबोक घालण्याच्या परंपरेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. कोरियन मालिका बघून सोलला जाण्याचं ठरवणारे बरेच मराठी तरुण हानबोक आधीपासूनच यादीत लिहून ठेवतात. ते योग्यच आहे, फक्त थोडी तयारी हवी.

आधी वार बघा

सोलमधला सर्वांत मोठा आणि फोटोंसाठी सर्वांत सोयीचा राजवाडा ग्योंगबोकगुंग. तो मंगळवारी बंद असतो. छांगदोकगुंग, छांगग्योंगगुंग आणि तोकसुगुंग हे इतर तीन राजवाडे सोमवारी बंद असतात. अनेकांचा बेत इथेच फसतो, म्हणून विमानाचं तिकीट काढतानाच हे लक्षात ठेवा. ग्योंगबोकगुंग सकाळी 9 वाजता उघडतो. हिवाळ्यात 5 वाजता बंद होतो, वसंतात 6 वाजता, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या तासभर आधी. प्रवेशाचं तिकीट 3,000 वॉन, पण हानबोक घातलेल्यांना प्रवेश मोफत. हजार वॉन म्हणजे साधारण 60 रुपये धरा. या सवलतीसाठी वरचा आणि खालचा असे दोन्ही कपडे अंगावर लागतात. पूर्वी बाईने घागरा आणि पुरुषाने विजारच घातली पाहिजे अशी अट होती, ती 2019 मध्ये काढून टाकली.

ऋतूंमध्ये माझी पसंती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्याला. गिंकोची झाडं पिवळीधमक झालेली असतात, हवा कोरडी आणि ऊन तिरपं असतं. एप्रिलच्या सुरुवातीला चेरीचा बहर असतो, पण तो थोडेच दिवस टिकतो. जुलैतला पाऊस टाळा, ओल्या वाळूत लांब घागऱ्याची कड लगेच मळते. जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो, तरी बर्फ पडला असेल तर हानबोकचे रंग असे उठून दिसतात की थंडी सोसावीशी वाटते.

छायाचित्रकार ठरवताना

तीन मार्ग आहेत. काही भाड्याची दुकानं स्वतःचा छायाचित्रकार देतात. काही सहलींमध्ये वाटाड्याच फोटो काढतो. आणि स्वतंत्र छायाचित्रकार असतात, कोरियात या प्रकाराला नुसतं ‘स्नॅप’ म्हणतात. तो तुमच्याबरोबर चालतो, कुठे उभं राहायचं, कुठे बघायचं ते सांगतो आणि तासाभरात राजवाडा फिरवून आणतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने हा तिसरा मार्ग घ्यावा असं मला वाटतं, कारण उभं राहण्याच्या पद्धती तिथल्या माणसाला ठाऊक असतात.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न लेखी विचारा: मूळ फोटो सगळे मिळतील का, रंगसंस्कार केलेले किती मिळतील, किती दिवसांत मिळतील, पाऊस आला तर तारीख बदलता येईल का, आणि हानबोकचं भाडं यात धरलंय का. राजवाड्यात व्यावसायिक छायाचित्रणाला तिथल्या कार्यालयाची आगाऊ परवानगी लागते, ती कोण काढणार हेही विचारून घ्या. ड्रोनचा विचार मनात आणू नका, मध्य सोलच्या या भागात उड्डाणाला बंदी आहे. बक्षिशीची पद्धत कोरियात नाही, ठरलेली रक्कम तेवढी द्यायची.

रस्ता शोधायला गूगलचा नकाशा तिथे नीट कामाला येत नाही. नेव्हर या कोरियन कंपनीचा नकाशा आणि पापागो हे भाषांतराचं अ‍ॅप फोनवर आधीच घेऊन ठेवा.

दुकानात: इथे वेळ द्या

मेट्रोच्या तिसऱ्या मार्गावर ग्योंगबोकगुंग स्थानक आहे. बाहेर पडलात की आसपास हानबोकची दुकानंच दुकानं. साधा पोशाख दोन तासांसाठी साधारण 15,000 ते 20,000 वॉनला मिळतो, भरजरी किंवा दरबारी घेतला तर त्याहून बराच महाग. उशीर झाला तर जादा पैसे लागतात. दोन तास हा वेळ ऐकायला पुरेसा वाटतो, पण केस, चालणं आणि परत येणं धरलं की फोटोंसाठी तासभरच उरतो. चार तासांचं भाडं घ्या.

बाईच्या हानबोकमध्ये वर आखूड जोगोरी, खाली छातीपासून सुटणारा लांब घागरा म्हणजे छिमा, आणि आत सोकछिमा हा परकर. आतला परकर नीट फुललेला नसेल तर छिमा पायांना चिकटते आणि सगळा डौल जातो. अनेक दुकानं आत तारेची कडी असलेला परकर देतात. त्याने घेर मोठा दिसतो, पण तो घालून बसता येत नाही आणि पायऱ्यांवर तो पुढे उचलला जातो. कापडाचे थर असलेला परकर मागा. फोटोत बसलेली मुद्रा हवी असेल तर तो हवाच.

जोगोरीचा डावा पदर उजव्यावर येतो, स्त्री असो वा पुरुष. ही दिशा कोरियात फार जपतात. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढलात तर प्रतिमा आरशासारखी उलटते आणि पदरही उलटा दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन ते उलटणं बंद करून ठेवा.

छातीवरच्या दोन लांब पट्ट्या म्हणजे गोरुम. त्यांची गाठ दोन्हीकडे फासे असलेली फुलपाखरासारखी नसते. फासा एकच असतो आणि दोन्ही टोकं खाली सुटतात. दुकानातली बाई ती काही सेकंदांत बांधून देईल, पण तिला सांगून एकदा सावकाश बांधायला लावा आणि फोनवर चित्रित करून घ्या. चालता चालता गोरुम सुटतंच, तेव्हा बाहेर कुणी मदतीला नसतं. गळ्याभोवतीची पांढरी पट्टी, तोंगजोंग, स्वच्छ आहे ना ते बघा. जवळून काढलेल्या फोटोत आधी तीच दिसते, आणि भाड्याच्या कपड्यांवर तिथेच मेकअपचे डाग असतात.

रंग निवडताना मागची भिंत डोळ्यासमोर आणा. राजवाड्याच्या वळचणी तानछोंग या रंगकामाने हिरव्या, लाल, निळ्या रंगवलेल्या असतात. त्यांच्यापुढे नक्षीदार, टिकल्या लावलेला, सोनेरी छपाईचा पोशाख हरवून जातो. एकरंगी जोगोरी आणि तिला विरोधी रंगाची एकरंगी छिमा घ्या. पिवळी जोगोरी आणि लाल छिमा हा जुन्या काळी अविवाहित मुलींचा जोड, हिरवी जोगोरी आणि लाल छिमा हा नव्या नवरीचा. आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगावर गडद निळा, हळदी पिवळा, शेंदरी फार सुंदर दिसतात. दुकानदार सवयीने फिकट गुलाबी आणि आकाशी पुढे करतात. नम्रपणे मान हलवा आणि गडद रंगांची रांग दाखवायला सांगा.

राजवाड्याभोवतीच्या भाड्याच्या पोशाखांबद्दल कोरियात खूप वाद आहे. लेस, मागे मोठी फीत, तारेचा घेर ही परंपरा नाही, असं वारसा खात्याच्या प्रमुखांनीही 2024 मध्ये जाहीरपणे म्हटलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. जुन्या घाटाचे पोशाख बहुतेक दुकानांत असतात, मागच्या बाजूला टांगलेले. मागितले की मिळतात.

पुरुषांनी जोगोरी आणि सैल विजार, त्यावर तोपो हा लांब झगा आणि डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी टोपी, गात, हा पंडिताचा वेश घ्यावा. लाल रंगाचा, छातीवर सोनेरी ड्रॅगन असलेला गोल्योंगपो हा राजाचा. त्यावर गात घालायची नाही, राजाची टोपी वेगळी असते. आणि नवरा राजा झाला असेल तर बायकोनेही तांगवी हे दरबारी जाकीट घ्यावं, नाहीतर फोटोत राजा आणि गावातली मुलगी उभी दिसते.

केसांची लांब वेणी आणि टोकाला तेंगी ही फीत, हे सर्वांत जुळून येतं. दागिना एकच, गोरुमपाशी लटकणारा नोरिगे. गळ्यातला हार काढून ठेवा, मंगळसूत्र जोगोरीच्या आत सहज राहतं. टिकली काढू नका. ती तुमची आहे आणि हानबोकवर शोभते. पायात पांढरे मोजे आणि सपाट, साधे बूट, कारण छिमाखालून डोकावणारा खेळाचा बूट एका फोटोत नाही, सगळ्या फोटोंत दिसतो.

राजवाड्यात कोणत्या क्रमाने

मुख्य दरवाजा ग्वांगह्वामुन. तिथे पहारा बदलण्याचा सोहळा सकाळी 10 आणि दुपारी 2 वाजता होतो. सगळी गर्दी त्या वेळी पुढे असते, म्हणून तुम्ही नेमके तेव्हा मागे असा. 9 वाजता आत शिरून आधी गुन्जोंगजोन या सिंहासनाच्या दालनाचं अंगण गाठा. अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात, ओवरीच्या खांबांपाशी उभं राहिलं की छप्पर कोनातून दिसतं आणि पाठीशी बुगाक आणि इनवांग हे दोन्ही डोंगर येतात. अंगणात दोन्ही बाजूंना दगडी खुणा रोवलेल्या आहेत, दरबाऱ्यांनी हुद्द्याप्रमाणे कुठे उभं राहायचं ते सांगणाऱ्या. त्यांच्या रांगेत उभं राहून काढलेला फोटो मला पायऱ्यांवरच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो.

मग पश्चिमेला ग्योंगह्वेरू, तळ्यातला मेजवानीचा मंडप, 48 दगडी खांबांवर उभा. वारा नसेल तर पूर्ण प्रतिबिंब मिळतं. 10 च्या सुमारास उत्तरेच्या टोकाला ह्यांगवोनजोंग या षट्कोनी मंडपाकडे जा. तिथला लाकडी पूल 2021 मध्ये त्याच्या मूळ जागी, उत्तरेला, पुन्हा बांधला. जवळच्याच वाड्यात 1887 साली कोरियातला पहिला विजेचा दिवा लागला होता.

परतताना जाग्योंगजोन चुकवू नका. ही राजमातेची जागा. तिथल्या विटांच्या भिंतींवर फुलं आहेत, आणि मागच्या धुराड्यावर सूर्य, पाइन, करकोचा, हरीण, कासव अशी दीर्घायुष्याची दहा प्रतीकं कोरलेली आहेत. जवळून काढायच्या फोटोंसाठी सबंध राजवाड्यात याहून चांगली भिंत नाही, आणि इथे लोक कमी थांबतात. दुपारचं ऊन कडक झालं की वळचणीच्या सावलीत या. अंगणातल्या फिकट वाळूवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर खालून मऊ पडतो.

राजवाडा 1395 चा, पण 1592 च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला आणि 1867 मध्ये पुन्हा उभा राहिला. विसाव्या शतकात जपानी राजवटीत बराचसा पाडला गेला आणि अजूनही टप्प्याटप्प्याने बांधला जातोय. तेव्हा दोरीपलीकडे जाऊ नका, उंबऱ्यावर बसू नका.

उभं कसं राहायचं

हात बाजूला लोंबते सोडले की हानबोकच्या रुंद बाह्या ओघळलेल्या दिसतात. पोटाशी हातावर हात ठेवा. बाईचा उजवा हात वर, पुरुषाचा डावा. दुःखाच्या प्रसंगी हे उलट असतं, म्हणून चुकू देऊ नका. कोरियन माणसाला ते लगेच खटकतं. पायऱ्या चढताना नऊवारीच्या निऱ्या सांभाळतो तशी छिमा पुढून थोडी उचला, पण ती दोन्ही हातांनी गोळा करू नका. बसायचं असेल तर आधी गोल फिरून घेर पसरू द्या आणि मग सावकाश खाली बसा, छिमा आपोआप वर्तुळ धरते. छायाचित्रकार ‘हाना, तूल, सेत’ म्हणेल, म्हणजे एक, दोन, तीन. तीनला श्वास सोडा. चेहरा सैल होतो.

बुकछोनला जायचं असेल तर

अनेक जण राजवाड्यातून चालत बुकछोनच्या जुन्या घरांच्या गल्लीत जातात. तिथे लोक राहतात. बुकछोनच्या 11 व्या गल्लीच्या परिसरात पर्यटकांना सकाळी 10 ते संध्याकाळी 5 एवढ्याच वेळात परवानगी आहे, नियम मोडला तर 1,00,000 वॉन दंड. कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढू नका आणि हळू बोला. गल्लीचा प्रसिद्ध उतार रिकामा मिळण्याची आशा धरून तास घालवू नका. तोच वेळ छांगदोकगुंगला द्या. 1997 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेला हा राजवाडा ग्योंगबोकगुंगपेक्षा शांत आहे. त्याच्या मागच्या बागेचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं.

फोटो हातात येण्याआधी

कोरियात फोटोवर संस्कार करताना कातडी उजळणं आणि हनुवटी निमुळती करणं हे विचारल्याशिवाय केलं जातं. त्यांना ती सेवा वाटते. पण आपला फोटो परत आला आणि त्यात आपलाच रंग नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी केला? म्हणून पैसे देतानाच पापागोवर टाइप करून किंवा तोंडाने सांगा: ‘फिबु थोनन् कुदेरो हे जुसेयो’, म्हणजे कातडीचा रंग आहे तसाच ठेवा. चेहऱ्याचा आकारही बदलू नका, हे पुढे जोडा. मूळ फोटो मिळाले की संस्कारासाठी निवड स्वतः करा, छायाचित्रकारावर सोडू नका. निवडताना प्रत्येक फोटोत गोरुमची गाठ आणि हात आधी बघा, चेहरा नंतर.