पडल्यानंतर पुन्हा स्कूटरवर बसताना

एकदा गाडीवरून पडलं की नुसती किल्ली हातात घेतानाही छातीत धडधडतं. जखम भरल्यावरही गाडी झाकूनच ठेवली, तर भीती आणखी मुरते. सुरुवात अगदी लहान ठेवा: रविवारी सकाळी, घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर, फक्त 10 मिनिटं. हेल्मेट तिथेही हवंच. भीती शिगेला पोचली तर गाडी कडेला घ्या, पण लगेच घरी पळू नका. नाहीतर मनाला वाटतं, पळालो म्हणूनच वाचलो, आणि भीती टिकून राहते. 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर. धडधड ओसरली की आणखी एक फेरी मारूनच परता. चार-पाच दिवस तोच रस्ता, मग पुढचा चौक. झोपच उडाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.