सिगारेट कायमची सोडायची आहे? मग या चुका टाळा

सिगारेट सोडलेली माणसं आपल्या कोकणात दोन वेळा घसरताना दिसतात. पहिल्या तीन-चार दिवसांत, नाहीतर बरेच महिने निभावल्यावर, गणपतीत किंवा शिमग्यात चाकरमानी गावात आले की. दोन्ही वेळा लोक एकच निकाल देतात, "मन खंबीर नाही त्याचं." मला हे अजिबात पटत नाही. खवळलेल्या समुद्रात रात्र काढणाऱ्या खलाशाचं मन कमकुवत कसं म्हणायचं? घसरायच्या या जागा आधीपासून ठाऊक असतात. तिथे काय करायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून माणूस सापडतो.

तारीख न ठरवता "कमी करतो" म्हणणं

दहाच्या पाच, पाचच्या तीन असा हिशेब महिनोन्‌महिने चालतो. सिगारेट कमी झाली की झुरका आपोआप खोल होतो आणि शरीर आपला निकोटिनचा वाटा वसूल करतं. शिवाय "दिवसाला एकच तर ओढतो" यातही सुरक्षितता नाही. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो. हळूहळू कमी करायला हरकत नाही, पण शेवटच्या सिगारेटची तारीख आधी ठरवा, तीही पुढच्या दोन आठवड्यांतली.

तारीख निवडताना आंब्याचा ऐन हंगाम, गणपती, शिमगा आणि घरातलं लग्नकार्य टाळा. मच्छीमारांना १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ चांगला. होडी किनाऱ्याला असते, त्यामुळे पहाटे निघतानाची आणि जाळं ओढून झाल्यावरची सिगारेट आपोआप सुटते. मात्र जाळी दुरुस्त करायला चार ओढणारे एकत्र बसतात. त्या चौघांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

घरात पाकीट नाही म्हणजे झालं, असं समजणं

सुटी सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी ती मिळते हे सगळ्यांना माहीत आहे. एसटी स्टँडवर, नाक्यावर, बंदराच्या तोंडाशी टपरी आहेच. निदान पहिला महिना त्या वाटेने जाऊ नका. दूध-पेपर दुसऱ्या दुकानातून आणा, उधारीचं खातं चुकतं करून बंद करा.

चहा पूर्वीइतकाच पीत राहणं

ही चूक फार कमी जणांच्या लक्षात येते. सिगारेटच्या धुरातले घटक यकृताकडून कॅफिनचा निचरा भराभर करवून घेतात. सिगारेट थांबली की हा वेग मंदावतो आणि तेच चार-पाच कप अंगात जास्त वेळ रेंगाळतात. मग हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते आणि माणूस म्हणतो, "सिगारेट सोडली आणि तब्येत बिघडली." चहा-कॉफी निम्म्यावर आणा. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन घेत असाल तर सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, कारण याच कारणाने त्या औषधांचा डोस बदलावा लागू शकतो. मधुमेहींनीही साखरेवर लक्ष ठेवावं.

निकोटिन गम चुकीचा चघळणं

इथे जरा थांबतो, कारण चांगला उपाय केवळ या चुकीमुळे वाया जाताना मी पाहिला आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ओळखीच्या एका खलाशाने मेडिकलमधून गम, म्हणजे तलफ भागवायला थोडं निकोटिन देणारं च्युइंगगम, आणला आणि पान खावं तसा कचाकचा चावला. घसा जळजळला, उचकी लागली, पोटात मळमळलं. स्ट्रिप तिथेच टाकली आणि संध्याकाळी पुन्हा सिगारेट.

गममधलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. लाळेबरोबर गिळलं तर त्याचा उपयोग फारसा होत नाही, पोट मात्र बिघडतं. म्हणून गम सावकाश चावायचा. मिरीसारखा तिखटपणा किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणं थांबवून तो गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. मिनिटभरात झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडा चावायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं साधारण अर्धा तास.

दुसरी गोष्ट खास आपल्या जेवणाची. तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषलं जात नाही. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, कोकम सरबत, लिंबू सरबत, सोलकढी यांतलं काही घेतल्यावर पंधरा मिनिटं गम नको, आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नको. दुपारी सोलकढी ओरपून लगेच गम घेणारे "काहीच फरक नाही" म्हणतात ते यामुळे.

मात्राही कमी पडते. दिवसाला एक-दोन गमने तलफ भागत नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला २४ च्या वर नाही, मग हळूहळू कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमचा गम लागतो. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो, २ मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय. फक्त गमपेक्षा निकोटिनची अंगाला चिकटवायची पट्टी आणि गम दोन्ही एकत्र वापरले तर यश जास्त मिळतं. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची औषधं फक्त डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. गरोदरपणात किंवा नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर गमसाठीही आधी विचारा.

एक सोडून दुसरं धरणं

सिगारेट सुटली आणि तळहातावर तंबाखू-चुना आला, म्हणजे निकोटिन चालूच राहिलं आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वाढली. घरातल्या बायकांच्या मिश्रीतही तंबाखूच असते. बिडीला "साधी, पानाची" म्हणतात, पण तिचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा सौम्य नाही. ई-सिगारेटवर तर देशात २०१९ पासून बंदी आहे.

खोकला वाढला म्हणून घाबरणं

सोडल्यावर काही दिवस खोकला, तोंड येणं, बद्धकोष्ठता, जास्त भूक हे सगळं होऊ शकतं. श्वासनलिका साफ करणारे बारीक केस पुन्हा कामाला लागतात, म्हणून कफ सुटतो. चिडचिड आणि बेचैनी पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच उतरते. खोकला महिनाभराने थांबला नाही किंवा कफात रक्त दिसलं, तर मात्र दवाखाना गाठा.

एक ओढली म्हणून सगळं गेलं, असं मानणं

सगळ्यात जास्त नुकसान हीच चूक करते. दृश्य ओळखीचं आहे. आरती झाली, भजन संपलं, उसळ आणि चहा झाला, खळ्यात मंडळी बसली आहेत. मुंबईहून आलेला चुलतभाऊ पाकीट पुढे करतो, "घे रे, एक ओढलंस म्हणून काय होता?" सहा महिने निभावलेला माणूस एक ओढतो, रात्री स्वतःवर चिडतो, आणि सकाळी नाक्यावरून पाकीट आणतो. घात करतं ते सकाळचं पाकीट. रात्रीची एक सिगारेट ही घसरण आहे. ती तिथेच थांबवता येते. उरलेली टाकून द्या, सकाळी गम घ्या आणि कोणाला तरी सांगा.

त्याआधी उत्तर ठरवून ठेवा: "नाही, मी ओढत नाही." पुढे कारणं देऊ नका, कारण दिलं की वाद सुरू होतो. उठा, भांडी उचला, मखराकडे जा, लहान मुलांत बसा. तलफेची लाट साधारण पाच-दहा मिनिटांची असते, तेवढा वेळ हात कामात ठेवा. आणि पहिले काही आठवडे दारूच्या बैठकीला बसू नका. दोन पेगनंतर हे ठरवलेलं उत्तर तोंडातून निघत नाही.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. तो पाकिटावरच छापलेला असतो, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही समुपदेशन मिळतं.

घरच्यांची चूक

"आज ओढलीस ना? वास येतोय," असं रोज संध्याकाळी विचारलं की माणूस लपवायला शिकतो. वास घेऊ नका. त्या पहिल्या दोन आठवड्यांत तो क्षुल्लक गोष्टीवरून खेकसेल, तेवढं सोसा. जमिनीच्या वाटणीचा किंवा भाऊबंदकीचा विषय तेव्हा काढू नका. घरात दोघे ओढणारे असतील, बाप आणि मुलगा किंवा दोघे भाऊ, तर तारीख एकच ठरवा. दुसरा अजून तयार नसेल, तर निदान त्याने पाकीट आणि काडेपेटी घराबाहेर ठेवावी आणि ओढायची तर गडग्याच्या पलीकडे जाऊन ओढावी.