रिमोट ॲक्सेस चालू ठेवून क्लाउडमधला डेटा बाहेर जाण्यापासून कसा रोखावा

२०२४ मध्ये क्लाउडवर डेटा साठवण्याची सेवा देणाऱ्या स्नोफ्लेक कंपनीच्या अनेक ग्राहकांचा डेटा चोरीला गेला. त्यात हॅकिंग म्हणावं असं फारसं काही नव्हतं. चोरांनी आधीच चोरलेले खरे पासवर्ड वापरले आणि सरळ लॉगिन केलं. त्या खात्यांना मल्टिफॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डच्या जोडीला ओळखीचा आणखी एक पुरावा) नव्हतं आणि लॉगिन कोणत्या नेटवर्कवरून चालेल याचंही बंधन नव्हतं. त्यामुळे आत कोण येतंय हे तर बघायचंच, पण डेटा कुठे चाललाय हे त्याहून वेगळं, स्वतंत्रपणे अडवायचं.

सुरुवात डेटा कुठेकुठे आहे याच्या यादीपासून करा. बकेट (क्लाउडमधले फाइल ठेवायचे कप्पे) आणि डेटाबेस सगळ्यांना आठवतात, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रती, मात्र हमखास विसरले जातात. डिस्कचा स्नॅपशॉट दुसऱ्या खात्याशी शेअर केला, की डेटा क्लाउडच्या आतल्या आत निघून जातो आणि तुमच्या फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून शेअर करण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडेच ठेवा आणि पब्लिक ॲक्सेस संपूर्ण खात्यासाठी ब्लॉक करा.

मग रिमोट ॲक्सेस. दुरून सर्व्हरवर काम करण्यासाठीच्या एसएसएचचा २२ आणि आरडीपीचा ३३८९ हे पोर्ट इंटरनेटला उघडे ठेवू नका. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर सेशन मॅनेजर, गूगल क्लाउडवर आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सी, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर बॅस्टियन आहे. तिन्हींमुळे सर्व्हरला पब्लिक आयपी न देता काम होतं. लॉगिनला पासकी (फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर की लावा. एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण बनावट लॉगिन पानावर तो लोक बिनदिक्कत टाकतात. प्रोग्रामना लॉगिनसाठी दिलेल्या कायमस्वरूपी ॲक्सेस की काढून टाका आणि ठरावीक वेळाने आपोआप संपणारी क्रेडेन्शियल्स (ओळखपत्रं) द्या.

आता खरी गोम. बाहेर जाणारी वाहतूक बंद करून लागतील तेवढेच डोमेन उघडायचे, इथपर्यंत बरेच जण येतात. पण तुमच्या सर्व्हरला एस-थ्री (एडब्ल्यूएसची फाइल साठवण्याची सेवा) लागतंच, म्हणून ते डोमेन उघडं ठेवावं लागतं, आणि चोराची बकेटही त्याच डोमेनवर असते. फायरवॉलला दोन्ही सारख्याच. आत शिरलेला माणूस स्वतःच्या खात्याची ॲक्सेस की तुमच्या सर्व्हरवर वापरून फाइल स्वतःच्या बकेटमध्ये टाकू शकतो. ओळख त्याची, बकेट त्याची. तुमच्या खात्यातल्या परवानग्यांचा तिथे संबंधच येत नाही.

यावर उपाय व्हीपीसी एंडपॉइंटच्या, म्हणजे तुमच्या खासगी क्लाउड नेटवर्कमधून एस-थ्रीकडे जाणाऱ्या खास दाराच्या पॉलिसीत आहे. तिथे दोन अटी घाला: विनंती करणारा आपल्याच ऑर्गनायझेशनचा (एडब्ल्यूएसवरच्या आपल्या सगळ्या खात्यांच्या गटाचा) हवा आणि बकेटही आपल्याच ऑर्गनायझेशनची हवी. उलट्या बाजूने बकेट पॉलिसीत लिहा की विनंती आपल्या एंडपॉइंटवरून किंवा ठरलेल्या नेटवर्कवरूनच यावी. २०१९ च्या कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या प्रकरणात एका रोलची (सर्व्हरला दिलेल्या अधिकारांच्या संचाची) तात्पुरती क्रेडेन्शियल्स बाहेरच्या व्यक्तीच्या हाती लागली होती आणि अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली. अशी चोरलेली क्रेडेन्शियल्स बाहेरून निरुपयोगी करणं हेच बकेट पॉलिसीतल्या या अटीचं काम.

मात्र पॉलिसी लावली आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हरचे अपडेट बंद पडले, असं होऊ शकतं. ॲमेझॉन लिनक्स या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजेस ॲमेझॉनच्याच बकेटमधून येतात, आणि त्या तुमच्या ऑर्गनायझेशनच्या नाहीत. त्यांना नावानिशी, फक्त वाचण्यापुरती सूट द्या. गूगल क्लाउडवर हेच काम व्हीपीसी सर्व्हिस कंट्रोल्स करतं. तिथे आधी ड्राय रन मोडमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष न अडवता, चालवून काय अडतंय ते बघता येतं. ती सोय जरूर वापरा.

डीएनएसमधूनही, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता विचारण्याच्या व्यवस्थेतूनही, डेटा थोडाथोडा पाझरू शकतो, तेव्हा सर्व्हरना ठरलेल्या रिझॉल्व्हरखेरीज (पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरखेरीज) कुठे विचारू देऊ नका.

संवेदनशील डेटा नुसता बघावा लागणाऱ्यांना व्हर्च्युअल डेस्कटॉप द्या, क्लिपबोर्ड आणि लोकल ड्राइव्ह बंद करून. स्क्रीनचा फोटो त्यानेही थांबत नाही. आणि हे बंधन सरसकट सगळ्यांवर लादू नका; वैतागलेले लोक खासगी ईमेलचा रस्ता शोधतात.

लॉगही तपासा. क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत एस-थ्रीच्या कोणत्या फाइल कुणी उतरवल्या याची नोंद मुळात बंद असते. खर्च वाढतो, म्हणून निदान महत्त्वाच्या बकेटपुरती तरी ती चालू करा.

शेवटी चाचणी. ऑर्गनायझेशनबाहेरचं एक टेस्ट खातं घ्या, त्याची की सर्व्हरवर वापरून खोटी फाइल त्या खात्याच्या बकेटमध्ये पाठवून बघा. ‘ॲक्सेस डिनाइड’ यायला हवं. फाइल गेलीच, तर आधी रूट टेबल (वाहतूक कुठल्या वाटेने जाईल याचा तक्ता) उघडा: वाहतूक एंडपॉइंट सोडून नॅट गेटवेतून, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या नेहमीच्या वाटेने, जात असेल, तर तुमची पॉलिसी लागूच होत नाहीये.