अँग्लिकन बिशपांचे चरित्र लिहिताना

इंग्लंडमधील एखाद्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) बिशपांचे चरित्र लिहायला घेतल्यास आधी डीकन (पहिल्या पायरीचा धर्मसेवक), मग प्रीस्ट (पाद्री) आणि शेवटी बिशप या तीन दीक्षांच्या तारखा टिपून घ्याव्यात. खरी गफलत त्यानंतर होते. राजाने केलेली नेमणूक, कॅथीड्रलमधील (बिशपच्या मुख्य चर्चमधील) औपचारिक निवड, तिची कायदेशीर पुष्टी, दीक्षा आणि आसनारोहण (बिशपच्या आसनावर विधिपूर्वक बसणे) हे टप्पे वेगवेगळ्या दिवशी येऊ शकतात, म्हणून नुसते ‘बिशप झाले’ असे न लिहिता कोणत्या टप्प्याची तारीख देत आहोत ते सांगावे. दुसऱ्या डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील धर्मप्रांतात, बदली झाल्यावर पुन्हा दीक्षा होत नाही.

जुनी पत्रे चाळताना सहीकडे बारकाईने पाहावे, कारण बिशप आडनावाऐवजी डायोसिसचे, अनेकदा लॅटिन, नाव लिहितात. मायकेल रॅम्झी १९५२ मध्ये डरॅमचे बिशप, १९५६ मध्ये यॉर्कचे आणि १९६१ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप (वरिष्ठ बिशप) झाले, तसतशी त्यांची सही ‘ड्युनेल्म’, ‘एबॉर’, ‘कँटुआर’ अशी बदलत गेली. नवख्या अभ्यासकाला ही तीन वेगळी माणसे वाटली तर नवल नाही. तारीख नसलेल्या पत्राचा काळ मात्र याच सहीवरून अंदाजता येतो.